नऊ-नऊचे संघ

शाळेत वास यायचा, आणि तो कुणाचा याबद्दल शाळेत एकमत होतं.

खताचा कारखाना तसा शाळेपासून लांब, नाल्याच्या काठाला. वारा तिकडून वाहू लागला की कुजकी हाडं, ओला चुना आणि आणखी काहीतरी, ज्याला नाव द्यायचं तर पुन्हा एकदा श्वास घ्यावा लागेल, असं सगळं मिळून वर्गात येऊन बसायचं. पण वाऱ्याला कोण बोलणार? टेकडीवरच्या बंगल्यांतले पालक म्हणायचे, वास खतवाडीच्या पोरांच्या कपड्यांतून येतो. पेठेतले दुकानदारही तेच म्हणायचे, कारण त्यांची गिऱ्हाइकं टेकडीवर राहत. खतवाडी म्हणजे कारखान्याला चिकटून वाढलेली वस्ती. तिथल्या लोकांना काही विचारायची पद्धत नव्हती.

गणिताच्या बाईंची जादा तासाची खोली मुतारीला लागून होती, त्यामुळे तिथे दोन्ही वासांची सोय होती. शाळा सुटली की खतवाडीची दहावीतली छत्तीस मुलं तिथे बसत. बाई त्यांना अपूर्णांकांपासून शिकवत, कारण आजवर त्यांना कुणी नापासही केलं नव्हतं आणि शिकवलंही नव्हतं. बाई पन्नाशीच्या, जिभेने तिखट आणि नाकाने फार नाजूक. पर्समध्ये अत्तराचा रुमाल असे. फळ्याकडे तोंड वळलं की तो नाकाला लागे. मुलांना हे ठाऊक होतं. "बाई फळ्यावर फार लिहितात," एवढंच ती म्हणत.

ही खोली दर वर्षी नव्याने मंजूर व्हावी लागे, आणि मंजुरी असायची आरशाच्या हातात. आरसा ही शिक्षण खात्याची योजना. शाळेच्या फाटकावर एक मोठा फळा लावायचा आणि कुठल्या वस्तीची किती टक्के मुलं पास झाली ते त्यावर रंगवायचं. समाजाला आपलं तोंड दिसावं, हा हेतू. सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या वस्तीत तीसहून जास्त टक्क्यांची तफावत निघाली, तर शाळेला जादा तास, खोली, दिवा आणि पुस्तकं मिळत. गेल्या वर्षी फाटकावर होतं: टेकडी त्र्याण्णव, पेठ सत्तर, खतवाडी सव्वीस. हेडसरांना त्या सव्वीसची फार लाज वाटली. सव्वीसच टक्के पास झाले याची नव्हे. ते फाटकावर रंगवलं याची.

यंदा सहामाहीचे पेपर तपासून संपले त्या दुपारी हेडसर शिक्षकांच्या खोलीत आले, ते हसत. हेडसर हसत आले की शिक्षक आपापल्या उरलेल्या रजा आठवू लागत.

"आरशाचे नियम कुणी वाचलेत का?"

कुणीच वाचले नव्हते. भूगोलाच्या सरांनी वाचल्यासारखी मान हलवली.

"सातवं कलम. दहापेक्षा कमी मुलांच्या गटाचा निकाल छापू नये. का? तर एवढीशीच मुलं असली, की कोण पास आणि कोण नापास ते गावाला कळतं. लेकरांची अब्रू जाते. किती मायाळू नियम आहे!"

"आहे खरा," बाई म्हणाल्या. "पण खतवाडीची तर छत्तीस आहेत."

"बाई, बाई." हेडसरांनी दोन्ही हात पसरले. "खतवाडी म्हणजे काय? काही मुलं नाल्याच्या अलीकडची, काही पलीकडची, काही पिवळ्या चाळीतली, काही कारखान्याच्या भिंतीकडची, काही टाकीखालची. आपण सगळ्यांना एकाच काठीने हाकतो, हाच मुळात अन्याय आहे. प्रत्येकाला स्वतःची ओळख नको?"

बाईंचा हात पर्समधल्या रुमालाकडे गेला. वारा त्या दिवशी उलट्या दिशेचा होता, म्हणजे कारखान्यावर ढकलायची सोय नव्हती.

"ओळख द्यायची, म्हणजे पुसायला सोपं," त्या म्हणाल्या.

"भाषेचा तास नाहीये हा. तुमचा विषय गणित. करून टाका वाटणी."

"मी भागाकार शिकवते, सर. पोरं भागत नाही."

"म्हणजे नाही म्हणताय?"

"दुखतंय."

"काय दुखतंय?"

"नाक."

कोपऱ्यात खेळाचे सर डुलकी घेत होते. त्यांना सगळी शाळा शिट्टीसर म्हणे, कारण शिट्टी गळ्यात नसेल तर त्यांना स्वतःचं नाव सांगतानाही अवघडल्यासारखं होई. त्यांनी एक डोळा उघडला.

"संघ पाडायचेत का? द्या इकडे. अर्ध्या तासाचं काम."

आणि खरंच अर्ध्या तासात त्यांनी ते केलं. बिचारे दुष्ट नव्हते. मैदानावर ते रोजच संघ पाडत, आणि दुबळ्या पोराला कच्चं लिंबू म्हणून घेत: खेळ बाबा, पण तू बाद झालास तरी धरायचं नाही आणि धावा काढल्यास तरी धरायच्या नाहीत. सगळी खतवाडीच कच्चं लिंबू करायची, एवढंच त्यांना समजलं, आणि त्यात त्यांना वावगं काही दिसलं नाही. पोरं खूश असतात की, ते म्हणाले.

बाईंना मात्र सरळ हिशेब दिसत होता. खतवाडी फळ्यावरून गेली, की उरली टेकडी आणि पेठ. त्यांच्यात तफावत तेवीसची. तेवीसला खोली मिळत नाही. मग ही छत्तीस मुलं शाळा सुटल्यावर सरळ घरी, म्हणजे नाल्यावर, म्हणजे लवकरच कारखान्यात पोती उचलायला.

संध्याकाळी त्यांनी हे घरी सांगितलं. बाईंचा नवरा वजनमाप खात्यात निरीक्षक. दुकानादुकानांतून काटे तपासत हिंडायचं आणि बरोबर असेल त्यावर शिक्का मारायचा. खात्याने त्यांना राहायला जागाही दिलेली होती: कारखान्याच्या वजनकाट्याशेजारी, अगदी नाल्यापलीकडे, दोन खोल्या आणि पुढे ओटा. लग्नानंतर बाई ती एकदा बघून आल्या होत्या. दारातूनच परत फिरल्या होत्या. तेव्हापासून त्या जागेला खात्याचं कुलूप, आणि हे दोघं लेकीला घेऊन पेठेत भाड्याने.

"आज एक भंगारवाला धरला," जेवता जेवता नवरा म्हणाला. "पोरं वेचलेल्या तारेचे तुकडे आणतात विकायला. हा एकेक तुकडा काट्यावर ठेवतो. काटा हलत नाही. 'शून्य' म्हणतो आणि पेटीत टाकतो. दुसरा ठेवतो. शून्य. पेटीत. दिवस मावळेपर्यंत पेटी उचलायला दोन माणसं लागतात."

"मग? काय केलंत?"

"काटा तपासला. एकदम बिनचूक."

"आणि?"

"आणि काय? काटा बरोबर निघाला की माझं काम संपलं. शिक्का मारला."

बाईंनी हातातला घास ताटात ठेवला. लेक त्याच शाळेत दहावीला होती, बापासारखी थंड आणि आईसारखी चोंबडी. ती म्हणाली, "आई, बाबांवर कशाला चिडतेस? तुझे हेडसरपण काटाच तपासतायत."

"तू जेव."

"जेवतेय. तूच थांबलीस."

नवा आरसा फाटकावर लागला, तेव्हा बघ्यांची गर्दी झाली. फळा गेल्या वर्षीचाच, पण रंग नवा. वर मोठ्या अक्षरांत आठ वस्त्या, कारण खतवाडीच्या पाच आणि उरलेल्या म्हणजे टेकडी, पेठ आणि स्टेशनाकडची चार-दोन घरं. आठांपैकी सात वस्त्यांपुढे एकच वाक्य रंगवलेलं: 'छापण्याइतकी मुले नाहीत.' पेठेपुढे एकाहत्तर. सगळ्यात खाली: तफावत शून्य.

बाईंनी ते दोनदा वाचलं. टेकडीपुढेही छापण्याइतकी मुलं नव्हती. टेकडीची तर चौदा मुलं दहावीत होती, आणि त्यातलं प्रत्येक मूल आपण किती हुशार आहोत ते दिवसातून दोनदा सांगायचं. गेली कुठे?

हे कोडं हेडसरांनाही पडलं असावं, पण त्यांनी ते सोडवलं नाही, कारण तेवढ्यात खात्याचा निरोप आला. शून्य तफावत असलेली शाळा सगळ्या विभागात ही एकच निघाली होती. तुलना करायला एकच वस्ती उरली तर तफावत येणार कुठून, हा प्रश्न खात्यात कुणाला पडला नाही. तिथे बेरीज-वजाबाकी यंत्र करतं, आणि यंत्राला लाज बसवलेली नसते. शाळेला समानता पुरस्कार जाहीर झाला. पितळी ढाल, तिच्यावर एकमेकांचे हात धरलेली दोन मुलं. चेहरे गुळगुळीत, नाकं नाहीत. बाईंना वाटलं, कलाकार एकदा इकडे येऊन गेला असणार.

चौथ्या दिवशी बाई जादा तासाला गेल्या, तर खोलीत सुतार. बाकं बाहेर काढलेली, मुलं मुतारीच्या भिंतीला टेकून उभी.

"इथं काय चाललंय?"

"ढालीचं कपाट," सुतार म्हणाला. "काचेचं. आत दिवापण लागणार. जरा सरकता का, माप घेतोय."

बाई तडक हेडसरांकडे गेल्या. हेडसर सत्काराच्या भाषणाची तालीम करत उभे होते.

"सर, ढालीला हीच खोली मिळाली?"

"रिकामीच होती ना."

"छत्तीस मुलं बसतात तिथे."

"बसत होती. बाई, नीट समजून घ्या. जादा तास कशासाठी होते? तफावत घालवायला. तफावत गेली. तुमच्या कष्टांचंच फळ आहे हे, मी भाषणात तुमचं नाव घेणार आहे. रोगी बरा झाल्यावर औषध चालू ठेवतात का?"

"रोगी बरा नाही झाला, सर. तुम्ही त्याला खाटेवरून उचलून खाटेखाली सारलाय."

"हे बघा," हेडसर आवाज उतरवून म्हणाले, "खरं सांगू? त्या खोलीतला वास पाहुण्यांना जाणवता कामा नये. सुताराला सांगितलंय, खिडकी खिळ्यांनी बंद करून टाक."

बाईंना एकदम स्वतःच्या पर्समधला रुमाल आठवला. त्या बाहेर आल्या. त्या दिवसाचा तास त्यांनी जिन्यात घेतला. फळा नव्हता, त्यामुळे पाठ फिरवायला जागा नव्हती. त्यांना तासभर मुलांकडे तोंड करून श्वास घ्यावा लागला.

पुढचा घोळ टेकडीने घातला. सत्काराच्या आदल्या सकाळी टेकडीवरचे पालक शाळेत घुसले. पुढे दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांची मुलगी शाळेत पहिली येत असे आणि त्या स्वतः सगळीकडे पहिल्या पोचत. मागे वकील, ठेकेदार, त्यांच्या बायका. सगळ्यात मागे खतवाडीतली एक बाई, कारखान्यात पोती शिवणारी. ती मुलाचा विसरलेला डबा द्यायला आली होती आणि गर्दी दिसली म्हणून थांबली. हेडसरांनी गणिताच्या बाईंना आणि शिट्टीसरांना बोलावून घेतलं. वार झेलायला माणूस लागतो.

"आम्ही कुठे आहोत?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"फळ्यावर. पेठेतल्या भुसारवाल्याच्या पोराचे टक्के लागलेत फाटकाला, आणि टेकडीची म्हणे छापण्याइतकी मुलं नाहीत! काल दवाखान्यात पेशंट विचारतो, तोंडात माझा हात असताना विचारतो, तुमची मुलगी यंदा बसली नाही का परीक्षेला?"

हेडसरांनी शिट्टीसरांकडे पाहिलं. शिट्टीसरांनी अभिमानाने कागद उलगडला.

"चौदा होती. पाच कप्तान म्हणून घेतली. राहिली नऊ."

"कसले कप्तान?"

"खतवाडीचे पाच संघ पाडले ना मी. आता बिनकप्तानाचा संघ असतो का कुठे? प्रत्येकात एकेक चांगला गडी घातला. तुमची मुलगी, डॉक्टरीणबाई, नाल्यापलीकडच्या संघाची कप्तान आहे." ते थांबले. टाळ्या येतील असं त्यांना वाटलं असावं. "समतोल राहतो त्याने."

मग डॉक्टरीणबाईंच्या तोंडून जो आवाज निघाला, तो त्यांच्या खुर्चीवर बसलेल्या माणसांच्या तोंडून निघतो तसला होता.

"माझी मुलगी? नाल्यापलीकडे?"

"फक्त कागदावर," हेडसर घाईने म्हणाले.

"कागदावर तरी कशी जाईल? कागदाला वास लागत नाही का? उद्या कॉलेजात विचारतील, कुठे राहायची? नाल्यापलीकडे! तिचं लग्न ठरवताना विचारतील!"

"शी!" ठेकेदाराची बायको म्हणाली. मनापासून म्हणाली. वकिलांनी नुसतं नाक मुरडलं. ते शब्दांचे पैसे घेत असत.

मागून पोती शिवणाऱ्या बाईचा आवाज आला. "सर, एक विचारू का? माझा मुलगा कुठल्या संघात आहे?"

सगळ्यांनी वळून पाहिलं आणि जरा जागा केली. तिला पुढे येता यावं म्हणून नव्हे.

शिट्टीसरांनी कागद पाहिला. "पिवळी चाळ. फिरकी चांगली टाकतो तो."

"पास झाला का?"

"ते छापत नाहीत," शिट्टीसर म्हणाले. "अब्रूचा प्रश्न आहे."

"कुणाच्या?" तिने विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच कळलं नव्हतं. शिट्टीसर पुन्हा कागदात पाहू लागले. ती डबा त्यांच्या हातात देऊन निघून गेली.

निकाल पाच मिनिटांत लागला. कप्तान ताबडतोब टेकडीवर परत. सुधारित आरसा पंधरा दिवसांत. टेकडी सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत. खतवाडीबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. हेडसरांनी घाम पुसला आणि सत्कार ठरल्याप्रमाणे झाला. भाषणात त्यांनी बाईंचं नाव घेतलं. बाई पहिल्या रांगेत होत्या. लोक टाळ्या वाजवत होते आणि त्यांना ओठांवर खडूची चव लागत होती. खडूला चव असते हे इतक्या वर्षांत त्यांना प्रथमच कळलं.

सत्कारानंतर त्या खेळाच्या सामानाच्या कोठीत गेल्या. शिट्टीसर जाळ्यांच्या ढिगावर बसून नवा कागद रंगवत होते. चेहरा पडलेला.

"कप्तान काढले आणि संघ पातळ झाले, बाई. आठ, सात, सात. बघवत नाही. मग पाचवा मोडला आणि चारांत वाटला. आता नऊ-नऊचे चार. काठोकाठ."

"काठोकाठ," बाई म्हणाल्या. "एखादा आणखी आला तर?"

"तर दहा होतील. मग छापावं लागेल. पण येणार कोण? वर्षाच्या मध्ये नाल्याकडे राहायला कोण जातं?"

बाईंनी एका फुटक्या चेंडूकडे पाहिलं. वारा कारखान्याकडून होता. कोठीला खिडकी नसूनही वास आत होता. त्याला कुठून यायचं ते चांगलं ठाऊक होतं.

"एखाद्या मुलाचा पत्ता बदलला तर तुम्ही काय करता?"

"मी? मी काय करणार? पत्ता असेल त्या संघात घालतो. नियम आहे." शिट्टीसरांनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. ते वाटतात तितके झोपेत नसत. "चांगला गडी आहे का?"

"गणितात पंच्याण्णव."

"मग कप्तान करू," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खुलला.

घरी बाईंनी बातमी फोडली ती कांदा चिरत, म्हणजे डोळ्यांचा खुलासा करावा लागू नये. "तुमच्या त्या जागेची किल्ली कुणाकडे असते?"

नवऱ्याने वर पाहिलं. "कुठल्या?"

"वजनकाट्याजवळच्या."

"खात्याकडे. का?"

"राहायला जायचंय."

"तुला? तिथे?" नवरा हसायला लागला आणि हसणं अर्ध्यात सोडून दिलं. "तू दारातून पळाली होतीस. मी लग्न मोडतंय म्हणून घाबरलो होतो."

"खोटा पत्ता लिहून चालायचं नाही. हेडसर शोधून काढतील. खरंच राहायला हवं. सुधारित आरसा लागून खोली मंजूर होईपर्यंत तरी."

"म्हणजे खरं वजन दाखवायला काट्यावर तू आपली लेक ठेवणार."

"कुणीतरी तुकडे एकत्र ठेवायला नकोत? तुमच्याकडून तर होत नाही."

हे नवऱ्याला लागलं. लेक दारात उभी राहून ऐकत होती. घरात तेवढंच एक तिला सांगावं लागत नसे.

"म्हणजे मी खतवाडीची होणार?"

"नाल्यापलीकडची," बाई म्हणाल्या. "मैत्रिणी चिडवतील. डॉक्टरीणबाईंची मुलगी शेजारी बसणार नाही. नको म्हणालीस तर नको. मी जबरदस्ती करणार नाही."

लेकीने विचार केला. "ती तशीही नाक वर करूनच बसते. आता तिला कारण मिळेल." मग जरा वेळाने, "आई, पण वास?"

"आहे," बाई म्हणाल्या. "घाण आहे. खोटं कशाला सांगू?"

सामान एका हातगाडीत आणि दोन फेऱ्यांत गेलं. पहिल्या रात्री बाईंना उलटी झाली. दुसऱ्या दिवशी जेवण गेलं नाही. पेठेतला घरमालक ओळखीच्यांना सांगत सुटला की काटे तपासणाऱ्या साहेबांनी पैसे खाल्ले, म्हणून खात्याने नाल्यावर फेकलं. माणूस स्वतःहून तिकडे जाईल यापेक्षा लोकांना हे पटायला सोपं गेलं. शेजारची पोती शिवणारी बाई मात्र ओट्यावर आली, घरात नजर टाकली आणि म्हणाली, "खिडकी बंद ठेवू नका, बाई. बंद ठेवली की वास आतला आत मुरतो. उघडी ठेवली तर येतो आणि जातो." इथल्या सवयीच्या माणसाचा शब्द म्हणून बाईंनी ऐकलं. वास आला. गेला नाही.

सुधारित आरसा लागला. टेकडी त्र्याण्णव, डॉक्टरीणबाईंना दुरून दिसेल अशा अक्षरांत. पेठ एकाहत्तर. पिवळी चाळ, टाकीखाली, भिंतीकडे: छापण्याइतकी मुले नाहीत. नाल्यापलीकडे: मुले दहा, पास तीन, टक्के तीस. तफावत त्रेसष्ट.

हेडसर फाटकात उभे होते. त्यांनी बाईंना येताना पाहिलं आणि बोलायच्या आधी त्यांचं नाक आक्रसलं. ते त्यांच्याही लक्षात आलं नसावं.

"काय घाण करून ठेवलीत, बाई."

"पत्ता खरा आहे, सर. या कधी चहाला."

"आपल्या मुलीला तुम्ही त्यांच्यात..."

"कप्तान आहे ती," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

जादा तासाची मंजुरी महिन्याभरात आली, कारण यंत्राला त्रेसष्ट हा आकडा दिसला आणि यंत्र त्र्याण्णवातून तीस कुठल्याही माणसापेक्षा प्रामाणिकपणे वजा करतं. ढाल मात्र खात्याने परत मागितली नाही. दिलेला पुरस्कार परत घ्यायची पद्धत नाही, असं कळवलं. ढाल ठेवायला दुसरीकडे जागा नव्हती आणि कपाट सुताराने भिंतीला असं ठोकलं होतं, की ते काढायचं तर मुतारीची भिंतही सोबत येईल म्हणे. म्हणून ते राहिलं. बाकं परत आत आली. मंजुरी दहाच मुलांची होती, पण आत किती बसतात ते मोजायला त्या बाजूला कुणी येणार नव्हतं. वासाचा तेवढा एक उपयोग होता. छत्तीस मुलं आली. सदतिसावी लेक, शेवटच्या बाकावर.

बाईंनी फळ्याकडे पाहिलं. फळ्याच्या जागी आता काचेचं कपाट होतं, आणि फळा बाजूच्या भिंतीवर सरकवला होता. दिवा चालू होता. ढाल चकाकत होती. त्यांनी सवयीने पर्स उघडली, रुमाल हाताला लागला, आणि पुढच्या बाकावरची पोरं एकमेकांकडे बघून गालात हसली. बाईंनी पर्स मिटली.

"बाई," पोती शिवणाऱ्या बाईचा मुलगा, तो फिरकी टाकणारा, म्हणाला, "ती ढाल कशाबद्दल मिळाली?"

"तुमच्याबद्दल."

"आमच्याबद्दल?" सगळा वर्ग ढालीकडे बघू लागला. "आम्ही काय केलं होतं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही नव्हता."

पोराला ते कळलं की नाही, ते त्याच्या तोंडावरून समजलं नाही. त्याने थोडा वेळ ढालीवरच्या बिननाकाच्या पोरांकडे पाहिलं आणि मान हलवली, मोठी माणसं हलवतात तशी.

खिडकी अजून खिळ्यांनी बंद होती. बाईंनी लेकीला सांगितलं, "शिट्टीसरांकडून पक्कड घेऊन ये." पहिला खिळा निघायला फार वेळ लागला. दुसरा लगेच निघाला. खिडकी उघडली आणि वास आत आला, भरभरून, आपल्याच घरात आल्यासारखा.

"वह्या काढा," बाई तोंड मुलांकडे ठेवून म्हणाल्या. "अपूर्णांक."